डाळिंबी रंग राहू दे

"आप्पांचा फेटा तेवढा रंगीत ठेव, बाकी समदं काळंपांढरं कर," शेखर म्हणाला. धाकट्या बहिणीच्या लग्नानंतर सहा वर्षांत पहिल्यांदाच तिच्या घरी आलेला तो खुर्चीच्या कडेवर टेकला होता, कुणी ऊठ म्हणालं तर लगेच उठता यावं असा.

सृष्टीने फोटो घरच्या संगणकावर उघडला. भुकूमच्या स्टुडिओत ती रोज परक्यांचे फोटो नीट करायची. आज बापाचा करायचा होता. परवा माणला, माहेरी, भाडेकरूंच्या खोल्यांमागच्या घरात, आप्पांचं वर्षश्राद्ध. फोटो शेखरच्या लग्नातला... ज्या लग्नाला ती नव्हती!

नव्हती, कारण शेखरनेच हात जोडले होते. मेंढरं राखणाऱ्या घरातल्या धनाजीशी तिने केलेलं लग्न त्याच्या होणाऱ्या सासरी सलत होतं. "तू आलीस तर सोयरीक मोडंल, सृष्टे. आप्पाबी तेच म्हणत्यात." ते शेवटचं वाक्य काळजात रुतून बसलं. भावाचा संसार उभा राहावा म्हणून ती मुकाट्याने घरी थांबली. आणि नको म्हणणाऱ्या बापाच्या दारात जायचं तरी कोणत्या तोंडाने, या विचारात वर्ष सरलं... आणि आप्पाच गेले.

तिने फेट्याच्या डाळिंबी रंगावर टिचकी मारली. तो एक रंग राखायचा, बाकीचे पुसायचे. मांडव, झेंडूच्या माळा, शालू, माणसं, सगळं राखाडी झालं आणि फेटा तेवढा उजळून उठला. पण खाली, आप्पांच्या छातीशी, आणखी एक डाळिंबी ठिपका उरला होता.

सवयीने ती तो पुसायला गेली... आणि थांबली. तिने तेवढाच भाग मोठा करून पाहिला.

तांब्याला गुंडाळलेला रुमाल होता तो. एका कडेची जरीची पट्टी वाकडी. दहावीच्या सुट्टीत तिनेच लावलेली! दादाच्या लग्नात नवरदेवामागे कऱ्याचा तांब्या धरून उभी राहणारी करवली आपणच, म्हणून कितीतरी आधीपासून शिवून ठेवलेला रुमाल! रंगांच्या गर्दीत तो दिसलाच नव्हता.

"दादा... करा आप्पांच्या हातात?"

शेखरची मान खाली गेली. "आत्या धराया पुढं आली, तर दिला न्हाई. म्हणले, या घरची करवली एकच हाय. रुसलीया ती. येईल तवर मी धरतो. लोक हसले, पर मंगलाष्टका संपस्तवर हलले न्हाईत. फेट्याचा रंगबी त्या रुमालावरनंच निवडला व्हता त्यांनी."

"रुसलीया? मी? तेच येऊ नको म्हणाले होते ना?"

"न्हाई." शेखर खुर्चीवरून उठला. "मी तुला खोटं सांगितलं. आन् त्यास्नी सांगितलं, तीच येत न्हाई म्हणून."

"दोघं एकमेकांची वाट बघत बसलो रे आम्ही... आणि तू मधे उभा होतास!"

"मार मला. पर परवा ये. हितं मुद्दाम आणला फोटो. तोंडानं सांगवत न्हवतं... वाटलं, तुझ्या नजरंला तरी करा दिसंल."

तिने पडद्यावरच्या त्या वाकड्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग डोळे पुसून म्हणाली, "धनाजी आत चहा टाकतोय. त्याला दाजी म्हणून हाक मार. मग परवाचं बोलू."

शेखरने घसा खाकरला. "दाजी..."

आत भांडं खणकन पडलं. क्षणभराने धनाजीचा आवाज आला, "साखर किती, पाव्हणं?"

सृष्टीने ठिपका तसाच राहू दिला.

वर्षश्राद्धाची पंगत उठल्यावर फोटो भिंतीवर लागला. राखाडी मांडवात एक फेटा, एक रुमाल. बायका कुजबुजल्या. शेखरची बायको रेश्मा आतून तोच तांब्या घेऊन आली, वाकड्या पट्टीचा रुमाल अजून त्याला गुंडाळलेला.

"वन्सं, आप्पांच्या ट्रंकेत व्हता. कुणाला हात लावू दिला न्हाई त्यांनी." तिने तांब्या पुढे केला. "धरा आता. लई वेळ उभं ऱ्हायल्यात ते."

सृष्टीने दोन्ही हातांनी करा घेतला आणि भावाच्या मागे, आपल्या जागेवर, जाऊन उभी राहिली.