चेहऱ्यावरची थरथर

रविवारी दुपारी चार चाळीसला सांगलीच्या नाट्यगृहात दुसरा अंक रंगात आला होता. पुण्याच्या वर्णशोधन प्रयोगशाळेत मात्र एक दोष काही केल्या दुरुस्त होत नव्हता.

नाटकाचे थेट प्रक्षेपण चालू होते. रंगमंचावरच्या लाल-निळ्या दिव्यांत कॅमेऱ्याला चेहरे जांभळे दिसतात आणि सावल्या हिरवट. प्रयोगशाळेची 'दीपवजाबाकी' प्रणाली दिवे चालवणाऱ्या प्रकाशफळीवरून प्रत्येक दिव्याचा रंग आणि तीव्रता घेई, त्याचा वाटा चित्रातून वजा करी, आणि माणसे दिवसाच्या उजेडातल्यासारखी दिसत. आज वजाबाकीनंतरही मुख्य नट दिनकर खानोलकरांच्या चेहऱ्यावर एक फिकट हिरवी थरथर उरत होती. एरवी अशी एकसारखी थरथर प्रणाली आपोआप पुसून टाकी; ही पुसली जात नव्हती.

"तुझे बाबा दिग्दर्शकाचं ऐकत नाहीत, आता माझ्या प्रणालीचंही नाही," इक्बाल मुजावर ऋताला म्हणाला. प्रणालीतली आज्ञावली त्याची, प्रकाशाचे गणित डॉ. ऋता खानोलकरचे.

ऋताने चित्र मोठे केले. दिवा थरथरत असता, तर बाबांचा पांढरा सदराही थरथरला असता. तो स्थिर होता.

"इक्बाल, हा दिवा नाही. हे रक्त आहे. प्रत्येक ठोक्याला त्वचेत रक्त वाढतं, ते हिरवा प्रकाश शोषतं. आपण दोन वर्षं माणसांच्या नाड्या दोष म्हणून पुसतोय."

इक्बाल खुर्चीतून उठलाच. त्याने रंगमंचावरच्या तिन्ही नटांच्या थरथरीच्या रेषा संगणकाच्या पडद्यावर काढल्या. नायिकेची रेषा संथ होती. जावयाचे काम करणारा मुलगा एक वाक्य विसरला आणि त्याची रेषा धावू लागली. ऋता आणि इक्बाल मोठ्याने हसले.

मग ऋताने तिसरी रेषा पाहिली. दोन ठोके, लांब खंड, एक ठोका, आणखी लांब खंड. बाबा मात्र खणखणीत आवाजात बोलत होते.

तिसऱ्या घंटेला मंडळी सगळे फोन बंद करून पेटीत ठेवत. उघडी होती ती फक्त प्रकाशफळीची तार. तिच्यावरून ऋताने फळी चालवणाऱ्या सुर्व्यांना सगळे दिवे घालवायला सांगितले.

"चालू प्रवेशात? दिनकरराव मला उभा चिरतील, ताई."

"चिरू देत. बाबा दुसऱ्या कशानं थांबणार नाहीत. अंधार झाला की जागचे हलत नाहीत. दिवे घालवा आणि डॉक्टर बोलवा."

सुर्व्यांनी दिवे घालवले. बाबांच्या रेषेत तेव्हा खंड चालू होता.

तिन्ही रेषा सपाट झाल्या.

"प्रकाशच नाही," इक्बाल घाईने म्हणाला. "तिघांच्याही सपाट आहेत, ऋता. दिवे आले की कळेल."

अंक संपला असे समजून प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांतून एका पुरुषाचा आवाज प्रयोगशाळेपर्यंत पोहोचला. कोणाचा, ते ओळखू आले नाही. दिवे अजून लागले नव्हते.