दही न लागलेली वाटी

"संघदीप, नाक धर अन् झाकण उचल!" पायलनं फर्मान सोडलं.

"मीच काहून? तू मोठी ना!" धाकटा भाऊ कुरकुरला. पण झाकण उचललं त्यानंच.

दिवाळीची सुट्टी, आणि ही भावंडं अन् तांड्यावरची त्यांची मैत्रीण राखी गावच्या दवाखान्यामागे गटारं उघडत फिरत होती! कोणी पाहिलं असतं तर कान धरून घरी नेलं असतं. पण कारणच तसं होतं.

दवाखान्याचं सांडपाणी एका टाकीत जाई. तिथे हवेच्या बुडबुड्यांवर जगणारे, डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असत. रोग्यांच्या लघवीतून थोडंफार औषधही पाण्यात उतरतं. घाणीबरोबर त्यातलं बरंचसं हे पठ्ठे फस्त करत. मग ते पाणी कर्दळीच्या वाफ्यातून नाल्याला जाई. टाकी सांभाळत पायलचे बाबा, भीमराज. पण हल्ली टाकी काळी पडून कुजकट वास मारत होती. जिवाणू मेले होते! डॉक्टर विमलताईंनी सगळ्यांदेखत बाबांना सुनावलं, "तुम्ही हवेचं यंत्र बंद ठेवता. पुढच्या महिन्यापासून दुसरा माणूस येईल."

बाबा घरी येऊन जेवलेसुद्धा नाहीत. पायलला रडूच आलं. यंत्राची घरघर तर तिनं रोज ऐकली होती!

"मंग मेले कायनं?" ती म्हणाली.

राखी विचारात पडली. "आमच्या म्हशीले इंजेक्शन देल्लं होतं ना, तवा तिच्या दुधाचं दहीच नाही लागे. आमची याडी म्हणे, औषधानं विरजण मरते."

पायल ताडकन उठली. "टाकीचंही विरजणच मेलं! कोणीतरी औषध ओतून राह्यलं!"

वॉर्ड, स्वयंपाकघर आणि औषधांची खोली, तिन्हीकडच्या गटारांतलं पाणी त्यांनी वेगवेगळ्या बाटल्यांत भरलं. राखीच्या घरामागे चूल मांडून, घाणीतले जंतू मरावेत म्हणून ते उकळलं, गार केलं, आणि दुधाच्या तीन वाट्यांत थोडं थोडं घालून विरजण लावलं. राखीची याडी, म्हणजे आई मानीबाई, ओरडली, "त्या वाट्या पुन्हा घरात आणाल तं पाहा!"

"मी तं आता दहीच सोडलं!" संघदीपनं जाहीर केलं.

सकाळी दोन वाट्यांत दही घट्ट लागलं होतं. तिसरीत नुसतं दूध! ती वाटी औषधांच्या खोलीची होती.

वाट्या घेऊन तिघं विमलताईंकडे धावली. ताईंनी सगळं ऐकलं, पण मान हलवली. "एका वाटीवरून मी कोणाला दोष देऊ?"

"मंग दाराआड उभ्या राहा, ताई. फक्त खोकू नका!" पायल म्हणाली.

औषधांची खोली सांभाळणारे मारोतीकाका आत फडकं मारत होते. राखीनं गोड आवाज काढला, "काका, शाळेच्या प्रयोगाले रिकाम्या बाटल्या भेटतीन का?"

"लागतीन तेवढ्या ने! पोतंभर हायेत, धुतलेल्या."

"अबब! एवढं औषध पेलं कोणं?"

"पेते कोण? मुदत सरलेलं सिरप होतं, अँटिबायोटिकचं." काका फुशारले. "कचऱ्यात टाकलं की शेळ्या चाटतात. मागं एक मेली ना! म्हणून मी सारं बेसिनात ओततो, वरून बादलीभर पाणी. काम साफ!"

"साफच केलंत, मारोती! अख्खी टाकी!" विमलताई आत आल्या. काकांच्या हातातलं फडकं गळून पडलं. "मुदत संपलेलं औषध पिवळ्या पिशवीत घालून दवाखान्यांच्या कचऱ्याच्या खास गाडीला द्यायचं असतं. टाकीतले जिवाणू थोडंथोडं औषध पचवतात, पोतंभर कसं पचवणार?"

"मले वाटलं, पाण्यात गेलं म्हणजे गेलं," काका पुटपुटले. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं.

टाकी उपसली गेली. दुसरीकडच्या चालू टाकीतला जिवंत गाळ आणून ओतला. हळूहळू पाण्याला पुन्हा मातकट रंग आला, वासही गेला.

"शाब्बास रे पोरांनो!" विमलताईंनी तिघांना जवळ घेतलं. "बोला, बक्षीस काय हवं?"

संघदीपनं क्रिकेटची बॅट म्हणायला तोंड उघडलं, पण पायलनं त्याला चिमटा काढला.

"ताई, तुम्ही बाबाले सगळ्यांदेखत बोलल्या होत्या," ती चाचरत म्हणाली. "त्यांची चूक नव्हती, हेही सगळ्यांदेखत बोला ना."

विमलताई तडक निघाल्या. मग त्यांनी नर्स, शिपाई, मारोती, सगळ्यांना अंगणात बोलावलं. भीमराजसमोर हात जोडून त्या स्पष्ट म्हणाल्या, "भीमराजभाऊ, चूक माझी होती. न तपासता बोलले. टाकी तुमच्याच हाती राहील."

बाबांनी मान खाली घातली, उपरण्यानं डोळे पुसले. त्या रात्री ते पोटभर जेवले.