चेहरे : दोन

शनिवारी दुपारी आम्ही तिघं शाळेत निघालो. बाबा, धाकटी आणि मी. काम साधंच होतं. धाकटीचा लॅपटॉप घेऊन मोठ्या बाईंसमोर बसायचं. मला कुणी बोलावलं नव्हतं. शाळा सोडून मला दोन वर्षं झाली. बाबांच्या लेखी मी म्हणजे गळकी बादली, कुठेही ठेवा, ओल येणारच. तरी मी गेले. का गेले ते सांगते, पण मध्ये बोलू नका. हे मी एकदाच सांगणार आहे.

आमची शाळा प्रत्येकाला लॅपटॉप देते. घरी नेला तरी तो शाळेचाच. दर वीस मिनिटांनी कॅमेऱ्याशेजारचा हिरवा दिवा लुकलुकतो आणि फोटो निघतो. टाइप केलेला शब्द न् शब्द शाळेत पोचतो, पुसलेलासुद्धा. शनिवारी पालकांच्या फोनवर अहवाल येतो. हजर की गैरहजर, लक्ष किती टक्के, चेहरे किती. बाबा चष्मा पुसून तो वाचतात. आम्ही समोर बसून बोललेलं त्यांना इतकं नीट कधी ऐकू आलं नाही.

तीन शनिवार धाकटीच्या अहवालात येत होतं, चेहरे : दोन.

"कोण बसतं गं तुझ्याजवळ?"

"कुणी नाही हो, बाबा."

"मग मशीन खोटं बोलतं?"

"नाही, मशीन कसं बोलेल. मीच बोलते."

त्या दिवशी तिच्याशी जेवताना कुणी बोललं नाही. ती मात्र खोलीत पाठ भिंतीला लावून अभ्यास करायला लागली. कपडे बदलायला न्हाणीघरात जायची. शेवटी सोमवारी मी कॅमेऱ्यावर काळी चिकटपट्टी लावली, कुरिअरच्या गोदामात मी खोकी बंद करते तीच, जाड. लावताना लॅपटॉप उलटा झाला आणि मला खालचा नंबर दिसला. एकशे सतरा. स्टिकरचा कोपरा नखानं खरवडलेला.

तो कोपरा मुंगीनं खरवडला होता.

मुंगी म्हणजे माझ्या बाकावरची मैत्रीण. इवलीशी, एका जागी न टिकणारी. किडक्या दाढेत कायम लवंग. डाव्या कानानं कमी ऐकू यायचं म्हणून माझ्या डाव्या खांद्यावर हनुवटी टेकून माझ्या मशीनमध्ये बघत बसायची. आम्ही एकमेकींच्या बदली बसायचो. मशीन चेहरा मोजायचं, कुणाचा ते विचारायचं नाही. एकदा ती बाहेर गेली आणि मी तिच्या मशीनसमोर बसले. डोकं फिरलं होतं. लिहिलं, 'ह्या शाळेला एकदा आग लागली पाहिजे.' मग पुसलं. मशीन कुणाचं आहे हे त्या क्षणी डोक्यातच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी ते वाक्य मुंगीच्या वडिलांसमोर वाचून दाखवलं. तिनं माझं नाव घेतलं नाही. मी दाराबाहेर उभी होते. मीही घेतलं नाही. ती तशीच फाटकाबाहेर पडली, रस्ता न बघता. ट्रकवाला म्हणाला, पोर दिसलीच नाही. दर वीस मिनिटांनी फोटो काढणाऱ्या शाळेलाही दिसली नव्हती. मशीन तेवढं पुसून कपाटात ठेवलं त्यांनी, पुढच्या पोरीसाठी.

असो. मोठ्या बाईंची खोली तशीच होती. बंद खिडक्या, पंख्याची कुरकुर. आत गेल्या गेल्या मला लवंगेचा वास आला. बाबांकडे पाहिलं. ते रुमालानं मान पुसत होते.

बाईंनी कागद समोर धरला. "बुधवार, चार वाजून वीस मिनिटं. 'ह्या शाळेला एकदा आग लागली पाहिजे.'"

तेच वाक्य. तोच आवाज. फक्त ह्या वेळी मी दाराच्या आत होते.

"मी नाही लिहिलं," धाकटी म्हणाली. आमच्या घरात शाळा मनापासून आवडणारं ते एकच माणूस. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"सही करा. नाव कमी करतोय आम्ही," बाई बाबांच्या हातात दुसरा कागद देत म्हणाल्या. आणि बाबांनी खिशातून पेन काढलं. काही न विचारता!

"मी लिहिलं," मी म्हणाले. "आत्ताही मीच... आणि तेव्हाही. मुंगीनं नाही."

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बुधवारी चार वीसला तू कुठे होतीस?"

"घरी."

"खोटं बोलतेय," बाबा पटकन म्हणाले. "गोदामात होती. मी स्वतः डबा द्यायला गेलो होतो."

जन्मात पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोलले, तेही नको तेव्हा.

"फोटो असेल ना," बाई म्हणाल्या. त्यांनी बटणं दाबली आणि थांबल्या. मग आपला स्क्रीन हळूच आमच्याकडे वळवला.

आमची खोली. धाकटीची खुर्ची. खुर्चीत मी. शाळेच्या गणवेशात, दोन वेण्या घातलेली. केस मी दोन वर्षांपूर्वीच कापलेत. माझ्या चेहऱ्याभोवती मशीननं हिरवी चौकट काढली होती. दुसरी चौकट माझ्या डाव्या खांद्याशी. तिच्यात नुसती भिंत.

"ताई..." धाकटीनं टेबलावरच्या लॅपटॉपकडे बोट केलं. कॅमेऱ्यावर माझी चिकटपट्टी तशीच होती. कडासुद्धा उचकटलेल्या नव्हत्या.

बाईंनी बाबांच्या हातातला कागद ओढून घेतला. "हिचं नाव... राहू दे." एकशे सतरा त्यांनी कपाटात टाकलं, दोनदा कुलूप ओढून पाहिलं. धाकटी आता वहीत लिहिते. घरात मशीन नाही.

काल पुन्हा शनिवार होता. दुपारी बाबांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं, आणि फोन माझ्या हातात दिला.

वर माझा जुना हजेरी क्रमांक. हजर. लक्ष शंभर टक्के.

खाली फोटो. गोदामातलं माझं टेबल, खोकी, चिकटपट्टीचं रीळ, आणि मी, वाकलेली. चेहरा स्वच्छ दिसत होता. त्याच्याभोवती चौकट नव्हती. ती माझ्या डाव्या खांद्यावर होती.

शेवटची ओळ, चेहरे : एक.