एका वेळी एकच

घरून काम करायचं ठरलं तेव्हा दादानेच तिच्या लॅपटॉपचे दोन भाग करून दिले. बटण दाबलं की पडदा विचारायचा, ऑफिस की घर? ऑफिसच्या भागाला दुसऱ्या कुणाचा हात लागल्याचं कळलं, तर नोकरी गेलीच म्हणून समजायचं. ती अजून कायम व्हायची होती.

आणि परवा ऑफिसातल्या मॅडम फोनवर म्हणाल्या, "रजेवर असून दुपारभर काम केलंस. कमाल आहे हं तुझी!"

ती दुपार तिने घरच्या भागात काढली होती, भाचीला चित्रं दाखवत. संशय सरळ दादावर गेला. पासवर्ड त्याला ठाऊक होता.

"दादा, खरं सांग. माझ्या ऑफिसात शिरलास?"

"तुझ्या त्या रटाळ तक्त्यांत? वेड लागलंय का मला!" तो हसला. "आणि तू घरात असताना ऑफिस चालूच शकत नाही, बावळट. एका वेळी एकच. एक उठलं की दुसरं मेलेलं."

तिने तरीही गुपचूप पासवर्ड बदलला. कॅमेऱ्यावर कागदाची पट्टी चिकटवली.

आज जेवणाच्या सुट्टीत तिने ऑफिस बंद करून घर उघडलं. पंखा घरघरू लागला, नेहमीपेक्षा जरा जास्तच. केस जळल्यासारखा वास येत होता. तेवढ्यात ऑफिसातल्या मैत्रिणीचा फोन आला.

"जेवायचं नाही का गं? मीटिंगमध्ये एकटीच काय बसलीयस?"

"मी... कुठे?"

"ही काय, माझ्यासमोर, पडद्यावर. आणि केस कधी वाढले एवढे? गेल्याच आठवड्यात कापलेस ना?"

तिचा हात मानेवर गेला. मान उघडीच होती. कॅमेऱ्यावरची पट्टीही जागच्या जागी.

"ती... काय करतेय?"

"ती कोण? तूच! फोनवर बोलतेयस माझ्याशी, पण इथे ओठ मिटलेलेच. नुसती ऐकत बसलीयस. नेट अडकलंय बहुतेक... नाही गं, आता हसलीस."

समोरच्या पडद्यावरचा भाचीचा फोटो मिटला. तिने कशालाही हात लावला नव्हता. 'बंद होत आहे,' अशी अक्षरं उमटली, आणि मग पडदा काळा पडला.

तिने दादाला हाक मारली. घशातून नुसती हवा आली.

"हां, हलले ओठ!" मैत्रीण म्हणाली. "आता कसा स्वच्छ येतोय आवाज... काय? बरं बरं, फोन ठेवते. इथेच बोलू आपण."

आणि मैत्रिणीने फोन ठेवला.