गाद्यांची फाइल

ट्रक दवाखान्याच्या मागच्या दाराशी लागला आणि ती जिन्यातच थबकली. गाद्या! ट्रकभर निळ्या गाद्या... आणि त्यांना टेकून उभा असलेला, घामेजलेला एक उंच तरुण.

“खरेदी विभागाच्या नव्या मॅडम तुम्हीच ना? सही करा.”

“पण मी तर नुसता भाव विचारला होता!”

त्याने कागद पुढे केला. वर ठळक अक्षरात ‘पर्चेस ऑर्डर’ – आणि खाली तिचीच सही. नोकरी अजून कच्ची होती.

“भाव विचारायचा तर कोटेशन मागवायचं,” तो हसू दाबत म्हणाला. “ऑर्डर म्हणजे... शब्दच दिलात की तुम्ही!” मग तिचा चेहरा पाहून आवाज उतरला. “ट्रक फिरवतो. पत्ता चुकला म्हणून सांगेन दुकानात काकांना.”

“नको. चूक माझी, बोलणी तुम्ही का खायची?”

ती वर गेली. खरेदीप्रमुख बाईंनी तिला फैलावर घेतलं, मग वॉर्डातल्या फाटक्या गाद्यांची आठवण होऊन अर्धा माल ठेवून घेतला. ती खाली आली तर तो तिथेच.

“तुम्ही अजून इथं?”

“तुमची नोकरी वाचली का, ते बघायचं होतं.”

पुढे तो कामानिमित्त येत राहिला. ती शंका विचारायची, तो रंगवून सांगायचा.

“लीड टाइम म्हणजे काय हो?”

“मागितल्यापासून हाती पडेपर्यंतचा वेळ.”

“तुमचा किती?”

“गाद्यांचा... की माझा?”

ती लाजून खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

मग वर्षभराच्या गाद्यांचं टेंडर निघालं. त्याच्या काकांचं दुकानही भाव भरणार होतं, आणि बंद पाकिटं उघडणार होती ती.

“आता मी येत नाही,” तो म्हणाला. “उगाच कुणी तुमच्याकडे बोट दाखवायला नको.”

खरंच आला नाही. दार वाजलं की ती मान वर करायची... दुसराच कुणीतरी असायचा. शेवटी ती उठली आणि थेट बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

“गाद्यांची फाइल माझ्याकडून काढून घ्या.”

“का गं? आता कुठे तुझा जम बसतोय!”

“ते गादीवाले... मला आवडतात.”

बाईंनी चष्मा काढला. “त्याला माहीत आहे?”

“नाही.”

“अगं वेडे, मग आधी मला काय सांगतेस!” बाई खळखळून हसल्या. “फाइल ठेव इथं. आणि पळ!”

दुकानात तो शिडीवर चढून गाद्या रचत होता.

“मॅडम? तुम्ही?”

“मॅडम म्हणू नका. तुमची फाइल माझ्याकडे नाही आता.”

तो पांढराफटक पडला. “काढून घेतली? माझ्यामुळे?”

“मीच दिली.” तिने श्वास घेतला. “तुम्ही आवडता म्हणून.”

“अरे, बघत काय राहिलास? उतर खाली!” आतून काका ओरडले.

तो घाईत पायरी चुकला आणि धप्पकन गाद्यांच्या ढिगावर पडला. ती हसत सुटली, हसता हसता हात पुढे केला. तो उठून उभा राहिला... पण हात काही सोडला नाही. तिनेही नाही.