दोन बेल म्हणजे चला

बसच्या पत्र्यावर दोनदा हात आपटला की बस सुटते. हे ज्याला ठाऊक नाही त्याने सुटत्या बसच्या मागे लागू नये. पण तो लागला. खांद्यावर एक लांबडी तिपाई घेऊन तो धावत आला, मागच्या पत्र्यावर धाड धाड दोन थपडा मारल्या आणि ओरडला, "थांबा!"

ड्रायव्हरमामांना ओरडणं ऐकू आलं नाही, थपडा ऐकू आल्या. दोन म्हणजे चला. त्यांनी गाडी हाणली.

मागच्या दारात लवंगी उभी होती. तेरा नंबरच्या बसच्या या कंडक्टरला सगळे लवंगीच म्हणत. अंगाने काडीसारखी, पण दाताखाली आली की डोळ्यांत पाणी. डबक्यांतून उड्या मारत येणारी ती तिपाई पाहून तिला कशी कोण जाणे दया आली. तिने घंटीची दोरी एकदा ओढली. बस थांबली. तो धापा टाकत चढला आणि वर तिच्यावरच डाफरला.

"ऐकू येत नाही का तुम्हाला? दोनदा वाजवलं मी!"

"म्हणूनच सुटली ना गाडी! एक बेल थांबा, दोन बेल चला. शेंबड्या पोरालाही कळतं."

"उलट दोनदा सांगितलं तर लवकर कळायला हवं."

"तुम्हाला घरी दोनदा सांगावं लागत असेल. इथे एकदाच सांगतात. तिकीट?"

मागच्या सीटवर इस्पितळातली नर्सबाई बसली होती. ती या बसने रोज जायची आणि कुणाचंही भांडण फुकट सोडायची नाही. ती तोंडावर रुमाल धरून हसली. चोराच्या उलट्या बोंबा, असं पुटपुटत लवंगीने तिकीट फाडलं. ते देताना त्याचा ओला हात तिच्या बोटांना लागला, तेव्हा ती आणखीच चिडली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. मागच्या दाराजवळचीच जागा धरायचा आणि तिपाई दोन्ही गुडघ्यांत उभी करून बसायचा.

"हिचं अर्धं तिकीट लागेल," लवंगी म्हणाली.

"लहान आहे हो ती. मांडीवर घेतो."

"काम तरी कसलं करता हिला घेऊन?"

"मोजणीचं. इथून नवी लाइन टाकायची आहे."

"टाका बाबा एकदाची! आमच्या गल्लीत नळाला नुसती हवा येते."

त्याने तोंड उघडलं. तिच्याकडे पाहिलं... आणि म्हणाला, "हं."

या 'हं'ने पुढे सगळा घोळ केला. पण त्या दिवशी कुणाला काय माहीत! नर्सबाई तेवढी लवंगीच्या कानाशी लागली. "लाइन टाकतोय की मारतोय?"

"तुमचा स्टॉप आला, उतरा," लवंगी म्हणाली. स्टॉप अजून बराच लांब होता.

मग एक दिवस पाऊस असा कोसळला की काचेतून समोरचं काही दिसेना. चौकाच्या अलीकडे, जिथे स्टॉप नव्हता तिथे, तो रस्त्याच्या कडेला उभा होता. छत्री होती त्याच्याकडे, पण ती त्याने तिपाईवर धरली होती. लवंगीने दोरी एकदा ओढली.

"इथे कुठे स्टॉप आहे?" मामा ओरडले.

"आज आहे!"

तो निथळत चढला. केसांतलं पाणी भुवयांवरून ओघळत होतं.

"अक्कल गहाण ठेवलीय का? स्वतः भिजायचं आणि लाकडाला छत्री?"

"तिच्यावरचं यंत्र महाग आहे."

"आणि तुम्ही?"

"माझी किंमत... तुम्हीच सांगा."

लवंगीचे कान तापले. काच पुसायचं कोरडं फडकं तिने त्याच्या अंगावर फेकलं आणि पुढच्या सीटांची तिकिटं काढायला गेली. त्या सगळ्यांची तिकिटं आधीच काढून झाली होती. नर्सबाईने हे बरोबर टिपलं.

आठवड्याच्या शेवटी डेपोच्या भिंतीवर नोटीस लागली. तेरा नंबरच्या रस्त्यावर लाइट रेल येणार आणि खोदकाम सुरू होताच तेरा नंबर बंद होणार. ड्रायव्हरमामांना निवृत्ती. कंडक्टर डेपोच्या तिकीट खिडकीवर, काचेच्या आत. लाइट रेल म्हणजे म्हणे हलकी रेल्वे! जिच्या पोटावरून ती जाणार होती, तिला विचारावं हलकी की जड ते.

लवंगी काचेमागे? खालच्या भोकातून चिल्लर सरकवत? दारात लोंबकळणाऱ्यांना ती आत ओढायची, झोपलेल्यांना त्यांच्या स्टॉपवर उठवायची, फाजीलपणा करणाऱ्याला भर रस्त्यात उतरवायची. काचेमागून यातलं काय करणार? तिला दुसरं काही येत नव्हतं असं नाही, तिला दुसरं काही नको होतं.

त्याच सकाळी चौकातल्या स्टॉपवर तो दिसला. अंगात नारिंगी जाकीट, पाठीवर मोठ्या अक्षरांत 'लाइट रेल'. हातात लाल रंगाचा डबा घेऊन तो तिच्याच स्टॉपसमोर डांबरावर फुल्या मारत होता.

भरलेली बस तशीच उभी ठेवून लवंगीने खाली उडी मारली.

"ही तुमची लाइन?"

तो गडबडून उठला. "मी सांगणारच होतो—"

"कधी? बस भंगारात गेल्यावर? नळाची लाइन म्हणालात!"

"नळ तुम्ही म्हणालात. मी नुसतं हं म्हणालो."

"हं! त्या हं-ने केसाने गळा कापलास माझा! रोज माझ्या बसमध्ये बसून, माझ्या हातचं तिकीट घेऊन, माझ्याच बसचं मरण मोजत होतास तू!"

बसच्या सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. त्याने रंगाचा डबा खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "आधी सांगितलं असतं तर तुम्ही बोलला असतात माझ्याशी?"

"नाही!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

"आणि आता तर मुळीच बोलणार नाही!"

"बरं. पण... तुम्ही मला तू म्हणालात."

"रागात म्हणाले!"

"चालेल," तो म्हणाला.

हसला असता तर तिने तो डबा त्याच्या डोक्यावर ओतला असता. तो हसला नाही. ती बसमध्ये चढली आणि दोरी अशी ओढली की दोन्ही बेल मामांच्या मस्तकात गेल्या.

त्यानंतर ती त्याच्याशी खरंच बोलली नाही. तो यायचा, ती तिकीट त्याच्या मांडीवर टाकायची. तो तेही जपून खिशात ठेवायचा, आणि त्याने तिचं डोकं आणखी फिरायचं. रेल्वे आली की गर्दी कमी होईल, धूर जाईल, नर्सबाई ड्यूटीवर वेळेत पोचेल, हे लवंगीला कळत नव्हतं थोडंच! सगळ्यांचं भलं होणार होतं, फक्त तिचं सोडून. अशा वेळी भांडायला कुणीतरी लागतं, आणि हा आयता समोर होता. वाईट याचं की तो आला नाही की फेरी लांबल्यासारखी वाटायची.

तेरा नंबरच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळच्या शेवटच्या फेरीला तो चढला. जाकीट नव्हतं. एका खांद्यावर तिपाई, दुसऱ्यावर कपड्यांची बॅग.

"कुठलं?" तिला विचारावंच लागलं.

"स्टेशन. इथली मोजणी संपली. दुसऱ्या गावी लाइन टाकायची आहे."

"परत कधी?" ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"तुमच्या बसला परतीचं तिकीट असतं का?"

"नसतं!"

"मग?"

तिने तिकीट फाडलं. ते दुसऱ्या स्टॉपचं निघालं. पुन्हा फाडलं. इतक्या वर्षांत तिचं तिकीट चुकलं नव्हतं. नर्सबाईने चक्क खिडकीबाहेर पाहिलं.

स्टेशन आलं. तो उतरला, फुटपाथवर उभा राहिला आणि मान खाली घालून म्हणाला, "जातो."

जातो! घरातून निघताना माणूस येतो म्हणतो. दूधवालासुद्धा येतो म्हणतो. कायमचं निघालेल्यानेही येतोच म्हणायचं असतं. आणि हा शहाणा तिच्या दारात उभा राहून जातो म्हणत होता.

लवंगीने दोरी ओढली. टण्.

मामा दुसरीची वाट पाहत राहिले. बस थरथरत जागेवरच उभी.

"पोरी, दुसरी दे की!"

"देणार नाही!" ती दारातून खाली वाकली. "ए तिपाई! जातो म्हणतात? कुणी शिकवलं तुला?"

तो वळला. "तुम्हीच म्हणालात, बोलायचं नाही. मग येतो कशाला म्हणू?"

"माझी बस खाल्लीस, मला काचेमागे बसवलंस, आणि आता पाठ फिरवून चाललास? आता मी त्या काचेतून बघू कुणाकडे? ओरडू कुणावर? निदान समोर येऊन उभा राहायला तरी ये रे!"

लवंगीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याचाही तिला राग आला होता.

"तुमचा राग गेला नाही ना अजून?" त्याने विचारलं.

"जाणार नाही. मुळीच जाणार नाही! आणि तुम्ही-तुम्ही काय लावलंयस? तू म्हण."

"तू..." त्याने शब्द चाखून पाहिल्यासारखा म्हटला. "पण माझी गाडी चुकेल आता."

"चुकू दे. उद्या आहे तुला दुसरी. माझी ही शेवटची आहे, डेपोपर्यंत सोबत कर."

त्याने बॅग सावरली. बसजवळ आला, आणि पत्र्यावर हात आपटला. एकदाच.

"येतो," तो म्हणाला.

आणि आला. तिपाई दाराला अडकली, ती लवंगीने आत ओढून घेतली. मग तिने दोन बेल दिल्या.