तारेवर आलेला शंकरपट

काचपेटीवरचा आकडा हलेना. किमयाने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. पेटीत तिचा तीन दिवसांचा भाऊ होता. दिवस भरायच्या आधीच जगात यायची घाई झाली होती साहेबांना! सकाळपर्यंत त्याच्या रक्तातल्या प्राणवायूचा हा आकडा क्षणाक्षणाला बदलत होता, आणि आता ब्याण्णववर उतरून ठाण मांडून बसला होता.

"मैना, यंत्र बिघडलं का गं?" तिने दवाखान्यातल्या रोबो परिचारिकेला विचारलं.

"नाही, उत्तर उशिरा येतंय," मैना म्हणाली. "बाळाची माहिती आपल्या दवाखान्यातल्या संगणकात राहते. पण त्याला किती प्राणवायू द्यायचा, हे अवघड गणित नागपुरातले मोठे, भाड्याचे संगणक सोडवतात. थोडं घरचं, थोडं भाड्याचं. याला हायब्रिड क्लाउड (मिश्र संगणकव्यवस्था) म्हणतात."

"मग इंटरनेटवर गर्दी झाली असेल."

"इंटरनेट म्हणजे सगळ्यांचा रस्ता. आपली माहिती त्यावरून जातच नाही. तिच्यासाठी वेगळी, खासगी तार आहे. तिची बँडविड्थ (एका वेळी किती माहिती जाऊ शकते, ते माप) भरपूर आहे. पण आज त्या तारेवर शंकरपट चाललाय."

किमया चपापली. ही तार गाडायला गावाने आपल्या शेतांच्या धुऱ्यांवरून, आपल्याच हातांनी चर खणला होता. त्याची जाण ठेवून दवाखान्याच्या डॉक्टर अंजनकरांनी आज पटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, थेट प्रक्षेपणाला ती वापरू दिली होती. सतरा कॅमेरे बैलांचे खूरन्‌खूर टिपत होते आणि बाळाचं एवढंसं गणित त्या चित्रांमागे खोळंबलं होतं.

डॉक्टर शस्त्रक्रियेत अडकल्या होत्या. सिस्टर प्राणवायूची कळ हाताने सांभाळत होत्या, पण त्यांचा चेहरा उतरला होता. किमयाला रडू फुटलं. तशीच ती दवाखान्यामागच्या पटाच्या मैदानाकडे धावत सुटली.

पटाच्या समितीचे डोमाजी आबा माइक धरून उभे होते.

"काऊन वो पोरी, का झालं?"

तिने एका दमात सगळं सांगितलं. आबा कॅमेरेवाल्यांवर कडाडले, "बंद करा रे सारं! ज्याले पट पाहाचा असन, तो इथं येऊन पाहीन!"

ती धापा टाकत परतली तेव्हा आकडा चौऱ्याण्णववर होता. मग पंचाण्णव. सत्त्याण्णव झाल्यावर सिस्टर खुर्चीत बसल्या आणि पाणी प्यायल्या.

"तार नुसती रुंद असून भागत नाही," किमया मैनाला म्हणाली. "ती ज्याच्यासाठी टाकली, त्याच्यासाठीच मोकळी ठेवावी लागते."

"बरोब्बर. लवकरच पलीकडची चार गावंही या तारेला जोडणार आहेत. तिथल्या बाळांची गणितंसुद्धा हिच्यावरून जातील."

संध्याकाळी आबा बाळाला बघायला आले. डॉक्टरांनी हात जोडले. "आबा, तुमचे उपकार फेडायला गेले आणि भलतंच करून बसले."

"फेडाले कोनं सांगतलं, बाई?" आबा काचेवर वाकून म्हणाले. "चर याच्यासाठीच त खनला होता."